माळ न काढता शांघायला: चीनमधल्या शाकाहारी ताटाची गोष्ट

अंदर मावळातून, टाकवे बुद्रुकहून मी बोलतोय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी उतारा. बोलताना झालेली थोडी पुनरुक्ती काढलीय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका प्रश्नातून आलाय. कान्हे फाट्यावरून आमच्या गावाकडे वळलं की एका अंगाला भाताची खाचरं दिसतात आणि दुसऱ्या अंगाला कंपन्यांच्या शेड. या कंपन्यांमध्ये मशिनी कधीकधी चीनमधून येतात. मशीन आलं की ते शिकायला कुणाला तरी तिकडं जावं लागतं. माझ्या ओळखीतल्या एका दादाचा नंबर लागला. शांघायजवळच्या एका शहरात तीन आठवडे ट्रेनिंग. ते झालं की पुढची ग्रेड, पगारात चांगला फरक. सगळं छान. फक्त दादा माळकरी आहे. घरात तीन पिढ्यांची वारी, गळ्यात तुळशीची माळ. मटण-मासे सोडा, अंडंसुद्धा नाही.

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. कुणी म्हणालं, तीन आठवडे माळ काढून ठेव, पांडुरंग समजून घेईल. कुणी म्हणालं, बॅगेत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मॅगीची पाकिटं भर. घरच्या मोठ्यांचं म्हणणं, जाऊच नको. दादाने मला विचारलं, "तू इतिहासाचं वाचतोस ना? तिकडं आपल्यासारखं खाणारी माणसं असतात का रे? का मीच पहिला?"

मी म्हटलं, दादा, पहिला कसला! तुझ्याआधी दीड हजार वर्षं तिथे पंगत बसलीय.

हे वाक्य मी उगाच टाळ्यांसाठी बोललो नव्हतो. चीनमधल्या शहरांत शाकाहारी हॉटेल शोधायचं असेल, तर ते तिथे का आहे आणि कुठल्या नावाने आहे हे आधी कळलं पाहिजे. नाव चुकीचं घेतलंत तर समोरच्या गल्लीतलं हॉटेलसुद्धा सापडत नाही. म्हणून आज आधी इतिहास आणि मग पत्ता.

आपलं 'चायनीज' आधी बाजूला ठेवू

चायनीज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फाट्यावरची लाल गाडी येते. मोठा आवाज करणारा बर्नर, कोबी, आणि व्हेज मंचुरियन. हे मंचुरियन मंचुरियात शोधायला जाऊ नका. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वांग नावाचे चिनी वंशाचे आचारी मुंबईत काम करायचे. १९७५ च्या सुमारास त्यांनी आलं, लसूण, मिरची परतून त्यात सोया सॉस घातला आणि चिकन मंचुरियन बनवलं, असं सांगितलं जातं. चिकनच्या जागी कोबी-फ्लॉवरचे गोळे आले आणि आपलं व्हेज मंचुरियन झालं. चव झकास आहे, पण चीनमध्ये शाकाहारी माणूस काय खातो हे त्यावरून अजिबात कळत नाही.

ते कळायला सुरुवात आपल्याच तालुक्यातून करावी लागेल.

कार्ल्याचे भिक्षू काय खायचे?

टाकव्याहून कान्हे फाट्यावर या, जुन्या हायवेने लोणावळ्याकडे निघा. कामशेत गेलं की पुढे उजव्या हाताला कार्ल्याचा डोंगर आणि डावीकडे भाजे. आपण तिथे एकवीरा आईच्या दर्शनाला जातो, पावसाळ्यात धबधब्याला जातो. पण हे डोंगर दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंची वस्ती होते.

कार्ल्याच्या चैत्यगृहात भिंतींवर ब्राह्मी अक्षरांतले लेख आहेत. त्यातल्या एका लेखात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने 'करजिक' नावाचं गाव भिक्षूंच्या निर्वाहासाठी दिल्याची नोंद आहे. जे कुणी इथे वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याचे महिने मुक्कामाला राहतील, त्यांच्यासाठी. ते कुठून आले हा भेद न करता. पुढे सातवाहनांनी नहपानाचा पाडाव केला, पण त्या गावाचं दान त्यांनी पुन्हा पक्कं केलं. त्या लेखात हा प्रदेश 'मामालाहार' या नावाने येतो. मामाल म्हणजे आपलं मावळ! तालुक्याचं नाव दगडावर कोरलेलं, आणि तेही जेवणाखाण्याच्या व्यवस्थेच्या संदर्भात.

आता व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड फिरतो. "आपल्या बौद्ध भिक्षूंनी चीनला शाकाहार शिकवला." ऐकायला छान वाटतं. पण गोष्ट इतकी सरळ नाही.

कार्ल्या-भाज्याच्या काळातला भिक्षू पात्र घेऊन गावात जायचा आणि घरच्या माणसाने पात्रात जे घातलं ते खायचा. भाकरी-भाजी घातली तर भाजी, मांस घातलं तर मांसही. विनयाच्या नियमात मांसाला तीन अटी होत्या. हा प्राणी आपल्यासाठी मारला हे भिक्षूने पाहिलेलं नसावं, ऐकलेलं नसावं, आणि तसा संशयही नसावा. या तिन्ही गोष्टी जमल्या की ते 'त्रिकोटी परिशुद्ध'. बुद्धांचा चुलतभाऊ देवदत्त याने संघात मांस-मासे पूर्ण बंद करा अशी मागणी केली होती. बुद्धांनी ती मान्य केली नाही, असं खुद्द विनयग्रंथच सांगतात.

यावरून आपल्याकडे वादही झालाय. गोव्यात जन्मलेले, फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवणारे धर्मानंद कोसंबी यांनी 'भगवान बुद्ध' या पुस्तकात बुद्धांच्या आणि त्या काळच्या श्रमणांच्या मांसाहाराची चर्चा केली आणि मोठी खळबळ उडाली. गंमत बघा, हे लिहिणारा माणूस स्वतः गांधीजींच्या आश्रमी वळणाचा. १९४७ च्या जूनमध्ये त्यांनी सेवाग्रामला अन्नत्याग करून देह ठेवला. म्हणजे स्वतः काय खायचं हा एक प्रश्न आणि इतिहासात काय घडलं हा दुसरा. कोसंबींनी दोन्ही वेगळे ठेवले. आपणही ठेवू.

विचार निघाला, पण ताट मागे राहिलं

मग चीनमधला शाकाहार आला कुठून? विचाराचा एक मोठा धागा भारतातूनच गेला. महायान पंथाच्या काही ग्रंथांत मांस खाऊ नये असं ठामपणे सांगितलंय. 'लंकावतार सूत्रा'त तर त्यावर वेगळं प्रकरण आहे. प्रत्येक जीव कुठल्या ना कुठल्या जन्मी आपला आईबाप, भाऊबहीण असू शकतो, मग त्याला खायचं कसं, असा त्यातला युक्तिवाद. हा ग्रंथ पाचव्या शतकात चिनी भाषेत गेला.

त्याच शतकाच्या सुरुवातीला फाहियान नावाचा चिनी भिक्षू भारतात फिरत होता. तो ३९९ साली घरून निघाला. मध्यदेशाबद्दल तो लिहितो की इथले लोक जीव मारत नाहीत, दारू पीत नाहीत, कांदा-लसूण खात नाहीत, बाजारात खाटकाचं दुकान नाही. पण लगेच पुढे लिहितो, अपवाद फक्त चांडाळांचा. ते गावाबाहेर राहतात, आणि गावात शिरताना लाकूड वाजवत येतात, म्हणजे इतरांनी लांब व्हावं. एका प्रवाशाने केलेलं हे सरसकट वर्णन आहे, पण त्यातली दुसरी बाजू विसरू नका. 'शुद्ध' ताटाच्या आपल्या इतिहासाला माणसांना गावाबाहेर ठेवण्याचा हा डागही आहे.

त्यानंतर दोनशे वर्षांनी ह्युएनत्संग आला. आपल्या शाळेच्या पुस्तकातला तोच. वाटेत कुचा नावाचं राज्य लागलं, आजच्या शिनजियांगमध्ये. तिथल्या राजाने त्याला जेवायला बोलावलं. ताटात ते तीन अटींवालं 'शुद्ध' मांस होतं. ह्युएनत्संगाने घेतलं नाही. राजाला नवल वाटलं. तो म्हणाला, तुमच्या पंथात हे चालतं, मी ज्या महायानाचा अभ्यास करतो त्यात चालत नाही. हाच माणूस पुढे ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात आला. दुसऱ्या पुलकेशीचं राज्य पाहिलं, इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत असं लिहून गेला.

आता नीट बघा काय झालंय. सातव्या शतकात चिनी भिक्षू बौद्ध राजाच्या पंगतीत बसतो आणि मांस नाकारतो. म्हणजे मधल्या काळात चीनमध्ये काहीतरी घडून गेलं होतं.

सम्राट, भात आणि अंडी

घडलं ते सहाव्या शतकात. दक्षिण चीनमध्ये लियांग घराण्याचा सम्राट वू राज्य करत होता, ५०२ ते ५४९. राजधानी जियानकांग, म्हणजे आजचं नानजिंग. शांघायहून बुलेट ट्रेनने दोन तासांच्या आत. हा सम्राट बौद्ध धर्मात इतका बुडालेला की तो स्वतःला मठाला सेवक म्हणून अर्पण करायचा आणि दरबाऱ्यांना पैसे भरून त्याला सोडवून आणावं लागायचं.

त्याने मांस आणि दारू सोडण्याबद्दल एक मोठं निवेदन लिहिलं, भिक्षू-भिक्षुणींना बोलावून त्यावर चर्चा घडवली आणि सांगितलं की मठात हे बंद. ५१७ साली तर त्याने राजघराण्याच्या पूर्वजपूजेतले प्राण्यांचे बळी थांबवले आणि त्या जागी कणकेचे प्राणी ठेवायला लावले. आपल्याकडे बळीऐवजी कोहळा कापतात ना, तोच प्रकार.

राजाने हुकूम काढला की तो टिकतोच असं नाही. हा टिकला. याचं मुख्य कारण मला भक्तीपेक्षा चुलीत दिसतं. भारतातला भिक्षू दारोदार भिक्षा मागायचा, त्यामुळे काय शिजवायचं हे घरधनी ठरवायचा. चीनमध्ये भीक मागणं हलकं मानलं जायचं. तिथल्या मठांकडे जमिनी आल्या, धान्याची कोठारं आली, भटारखाना आला. ज्याच्या हातात चूल, त्याच्या हातात ताट. भिक्षूला 'मी हे खाणार नाही' असं म्हणता आलं, कारण मागे त्याचं स्वतःचं स्वयंपाकघर उभं होतं.

शिवाय जमीन आधीच तयार होती. चीनमध्ये घरात मृत्यू झाला की शोकाच्या काळात मांस आणि मद्य वर्ज्य करायची जुनी रीत होती. पूजेआधी काही दिवस संयमाचं खाणं असायचं, त्याला 'जाय' म्हणतात. आपलं सुतक, सोवळं आणि उपवास आठवा. नवा विचार जुन्या सवयीत बरोबर बसला.

या सम्राटाचा शेवट मात्र वाईट झाला. ५४८ साली होउ जिंग नावाच्या सरदाराने बंड केलं आणि राजवाड्याला वेढा घातला. चीनच्या एका मोठ्या इतिहासग्रंथात नोंद आहे की वेढा लांबला, राजाच्या मुदपाकखान्यातली भाजी संपली, तेव्हा आयुष्यभर भाजी-भात खाल्लेल्या त्या म्हाताऱ्या सम्राटाने अंडी खाल्ली. पुढच्या वर्षी तो कैदेतच अर्धपोटी गेला.

मला ही नोंद फार महत्त्वाची वाटते. व्रत घेतं एक माणूस, पण ते पाळलं जातं त्याच्यामागच्या स्वयंपाकघराच्या जिवावर. सम्राटालाही ते चुकलं नाही. म्हणूनच परक्या शहरात जाणाऱ्या माळकऱ्याने 'माझा निश्चय पक्का आहे' एवढ्यावर थांबू नये. ते स्वयंपाकघर कुठे आहे हे आधी शोधावं.

मठातून रस्त्यावर

पुढच्या पाचशे वर्षांत ते स्वयंपाकघर मठाबाहेर पडून बाजारात आलं. सोंग घराण्याची राजधानी काइफेंग. ११२७ साली ती उत्तरेकडच्या जुर्चेन फौजांच्या हाती गेली. तिथून दक्षिणेत आलेल्या मंग युआनलाव नावाच्या माणसाने जुन्या शहराच्या आठवणी लिहून ठेवल्या. वाचताना एखाद्या फूड व्लॉगरचा आव येतो! कुठल्या गल्लीत काय मिळतं, रात्री किती वाजेपर्यंत मिळतं, सगळं आहे. त्यात तो सांगतो की शहरात मठातल्या जेवणासारखं शाकाहारी जेवण देणारी दुकानं आहेत. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी चिनी शहरात 'प्युअर व्हेज' हा धंदा होता. नंतरची राजधानी हांगचौ. तिथल्या वर्णनांत तर शाकाहारी दुकानांच्या पदार्थांची लांबलचक यादीच येते, आणि त्यात मांसासारखे दिसणारे पण मांस नसलेले पदार्थ आहेत.

हा नकली मांसाचा प्रकार समजून घ्या, कारण ताटात तो येणारच. दोन गोष्टींवर सगळं उभं आहे. एक, सोयाबीनचं टोफू. दुसरं, गव्हातला चिकट भाग. आपल्याकडे उन्हाळ्यात कुरडया करताना गहू भिजवून, वाटून त्याचा चीक काढतात आणि चोथा टाकून देतात. चिनी आचाऱ्यांनी उलटं केलं. कणीक मळून पाण्यात धूत राहायची, पांढरं पाणी निघून जाऊ द्यायचं, आणि हातात उरणारा रबरासारखा गोळा ठेवायचा. त्याला तिकडे 'म्येनजिन' म्हणतात, म्हणजे पिठाचे स्नायू. तो शिजवला, तळला, सोया सॉसमध्ये मुरवला की दाताखाली मांसासारखा लागतो.

शाकाहारी माणसाला मांसाचा भास कशाला हवा, असं तुम्ही विचाराल. पण हे जेवण एकट्या भिक्षूसाठी नव्हतं. मठात यात्रेकरू यायचे, देणगीदार यायचे, श्राद्धाला पाहुणे यायचे. ते घरी सगळं खाणारे. त्यांच्यापुढे मासा, बदक वाटेल असं ताट ठेवलं की पाहुण्याचा मान राहायचा आणि मठाचा नियमही राहायचा. आपल्याकडे उपवासाचं थालीपीठ करताना आपण वेगळं काय करतो? भाजणी चालत नाही म्हणून साबुदाणा आणि वरी, पण आकार आणि चव नेहमीची.

१९२२, शांघाय

आता थेट शांघाय. १९२२ साली या शहरात गुंगदलिन नावाचं शाकाहारी हॉटेल सुरू झालं. नावाचा अर्थ साधारण 'पुण्याचं वन'. त्याच सुमारास इकडे आमच्या अंदर मावळात ठोकरवाडी धरणाच्या पाण्यावर भिवपुरीला वीज तयार व्हायला लागली होती, म्हणजे काळ डोळ्यांपुढे येईल. शांघाय तेव्हा गिरण्या, बँका, विदेशी वसाहतींचं शहर. अशा शहरात बौद्ध भक्तांच्या आश्रयाने उभं राहिलेलं हे हॉटेल मठाची पाककला टेबल-खुर्चीवर घेऊन आलं. पुढे युद्ध आलं, क्रांती आली, १९६६ ते ७६ या सांस्कृतिक क्रांतीच्या दशकात चीनभर मठ-मंदिरं बंद पडली, मोडली गेली. तरी हे नाव टिकलं आणि आजही नानजिंग रोडच्या पश्चिम भागात ते हॉटेल आहे. १९८४ मध्ये याच नावाने बीजिंगमध्येही शाकाहारी हॉटेल निघालं.

शांघायमध्येच जेड बुद्ध मंदिर आहे. १८८२ साली ब्रह्मदेशातून आणलेल्या पांढऱ्या जेड दगडाच्या बुद्धमूर्तींसाठी ते उभं राहिलं. मंदिराला जोडून शाकाहारी नूडल्सचं दुकान. नोकरीवाले, म्हातारेकोतारे, टुरिस्ट, सगळे एका रांगेत. आणि हांगचौच्या लिंगयिन मंदिराची कथा तर आपल्याशीच जोडलेली. चौथ्या शतकात हुइली नावाचा भारतीय भिक्षू तिथे पोचला. समोरचा खडकाळ डोंगर बघून तो म्हणाला, हा तर आमच्याकडचा डोंगर, इथे कसा उडून आला? त्या डोंगराचं नावच पडलं 'उडून आलेलं शिखर'. ही दंतकथा आहे. पण ज्या माणसाला परदेशात घरचा डोंगर दिसतो त्याची कथा लोकांनी सतराशे वर्षं सांभाळली, हेही काही कमी नाही.

आता पत्ता: शोधायचं कसं?

इतिहास ऐकलात, आता तो मोबाइलवर वापरू.

पहिली गोष्ट, शब्द. "मी मांस खात नाही" असं म्हणू नका. मांसाला तिकडे 'रौ' म्हणतात आणि नुसतं रौ म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोक्यात डुकराचं मांस येतं. मग ते प्रेमाने कोळंबी किंवा अंडं आणून देतात. तुमचा शब्द आहे 'सू'. मूळ अर्थ न रंगवलेलं, साधं पांढरं रेशीम. त्यावरून साधं खाणं. "वो छी सू", म्हणजे मी सू खातो. उच्चारात सूर महत्त्वाचा असतो, म्हणून निघायच्या आधी ट्रान्सलेट ॲपमध्ये हे वाक्य ऑफलाइन सेव्ह करा आणि मोठ्या अक्षरांचा स्क्रीनशॉट गॅलरीत ठेवा. अक्षर दाखवलं की काम होतं.

पण नेहमीच्या हॉटेलातल्या मेन्यूवर 'सू' लिहिलेला विभाग दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. तिथे त्याचा अर्थ एवढाच की मुख्य जिन्नस भाजी आहे. ती डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, वर सुकी कोळंबी असू शकते, चिकनची पावडर किंवा ऑयस्टर सॉस असू शकतो. आचारी फसवत नाही, त्याच्या हिशेबी ती भाजीच आहे. तुम्हाला हवंय ते 'जिंग सू', म्हणजे धार्मिक अर्थाने शुद्ध, किंवा 'छुन सू', म्हणजे पूर्ण वनस्पतीजन्य. पाटीवर जेवणाच्या संदर्भात 'जाय' हे अक्षर असेल तर ते मठाच्या परंपरेतलं. पाटीवर किंवा पाकिटावर कधीकधी आपल्या स्वस्तिकाच्या उलट वळलेलं स्वस्तिकही दिसतं. तीही बौद्ध खूण.

दुसरी गोष्ट, अंडं. काही शाकाहारी हॉटेलांत अंडं आणि दूध चालतं. अंड्याला तिकडे 'दान' म्हणतात! "बू याव दान", म्हणजे अंडं नको. मावळातल्या माणसाला 'दान नको' लक्षात ठेवायला काय अवघड आहे?

तिसरी, कांदा-लसूण. मठाच्या परंपरेत पाच तिखट वासाच्या गोष्टी वर्ज्य असतात. कांदा, लसूण आणि त्यांच्या पातीसारखे भाऊबंद, आणि पाचवं काय, तर चक्क हिंग. आपण आषाढात कांदेनवमीला भजी खाऊन चातुर्मासात कांदा बंद करतो, इथे तो बारा महिने बंद. म्हणजे तुमच्या घरच्या स्वयंपाकापेक्षा हे भटारखाने जास्त कडक. शहरातल्या नव्या, तरुण पोरांच्या कॅफेत मात्र कांदा-लसूण असू शकतो. कांदा चालत नसेल तर तिथे विचारा.

चौथी, दिवस आणि वेळ. चिनी पंचांगात महिन्याची पहिली आणि पंधरावी तिथी, म्हणजे साधारण आपली अमावस्या आणि पौर्णिमा, या दिवशी बरेच भाविक शाकाहार करतात. आपल्या एकादशीसारखं समजा. त्या दिवशी मंदिरांजवळच्या दुकानांत गर्दी असते. आणि तिकडे दुपारचं जेवण लवकर होतं. मंदिराच्या भोजनालयात अकरा-साडेअकराला पोचा, दोन वाजता गेलात तर पातेली घासलेली दिसतील.

पाचवी, ॲप. गुगल मॅपवर विसंबू नका, तिकडे गुगलच्या सेवा बंद आहेत. चिनी नकाशाच्या ॲपमध्ये किंवा द्यानपिंगसारख्या रिव्ह्यू ॲपमध्ये ते 'सू'चं अक्षर पेस्ट करा. काहीच सापडलं नाही तर नकाशावर जवळचं मोठं बौद्ध मंदिर शोधा आणि दाराबाहेरची गल्ली पायी फिरा. दीड हजार वर्षांत धंदा त्याच गल्लीत राहिलाय. पैसे वीचॅट किंवा अलीपेवर द्यावे लागतात, ते इथूनच सेट करून जा.

आणि कंपनीच्या कॅन्टीनमध्ये काय करायचं? वाफवलेला भात, वाफवलेला बिनसारणाचा मैद्याचा पाव (मानथो), आणि काकडी. चटणी तुमच्या बॅगेतली. रोजचं जेवण असं निघतं, आणि सुटीच्या दिवशी मंदिराच्या गल्लीत पोटभर.

ताटात मासा दिसला तर?

एक प्रश्न उरतो आणि तो हॉटेलचा नाही. समजा, शांघायच्या हॉटेलात ताट आलं. समोर मासा. खवले, शेपूट, सगळं जागेवर. आत बटाटा, टोफू आणि समुद्री शेवाळ. माळकऱ्याने खावा का?

आमच्या गावात मी हा प्रश्न दोन जाणत्या माणसांना विचारला. एक म्हणाले, डोळ्याला मासा दिसला तर मनाने मासाच खाल्ला, मला नको. दुसऱ्या एक आजी, पन्नास वर्षांच्या वारकरी. त्या म्हणाल्या, "जीव गेला नाही ना? मग बटाटा कसाही कापा." दोन्ही उत्तरं प्रामाणिक आहेत. गंमत म्हणजे चीनमधल्या बौद्धांतही हा वाद आहे. काही मठ आणि काही नवी शाकाहारी हॉटेलं मुद्दाम नकली मांस ठेवत नाहीत, भाजी भाजीसारखीच वाढतात. तुम्ही आजींच्या बाजूचे असाल तर गुंगदलिनसारखी जुनी हॉटेलं तुमची. दुसऱ्या बाजूचे असाल तर मंदिरातल्या साध्या नूडल्स आणि मशरूमचा रस्सा तुमचा. दोघांचीही सोय आहे.

'आपण शिकवलं' आणि 'ते काहीही खातात', ही दोन्ही वाक्यं यापुढे कुणी बोललं तर त्याला ही गोष्ट सांगा. विचार भारतातून गेला, त्याचा कडक नियम चीनमध्ये झाला, आणि तो जगला तो तिथल्या आचाऱ्यांमुळे, ज्यांची नावं कुठल्याच ग्रंथात नाहीत. करजिक गावच्या ज्या शेतकऱ्यांच्या भातावर कार्ल्याचे भिक्षू पावसाळा काढायचे, त्यांची नावंही दगडावर नाहीत. लेखात नाव दात्याचं आहे. पण भिक्षू कुठून आला हे न विचारता त्याला खाऊ घाला, ही अटही त्याच लेखात आहे. शांघायच्या मंदिरातल्या नूडल्सच्या रांगेतही तुम्ही कोण, कुठले, कुठल्या जातीचे, हे कुणी विचारत नाही. पैसे द्या, वाटी घ्या, जागा मिळेल तिथे बसा. मला वाटतं, ताटात काय आहे याइतकंच हेही शुद्धतेत मोजायला हवं.

तुमच्या घरातलं कुणी चीनमध्ये राहून आलं असेल, शिकायला, कामाला, जहाजावर, तर त्यांनी तिकडे काय खाल्लं हे मला व्हॉइस नोटने पाठवा. निवडक आठवणी पुढच्या भागात घेऊ. पुढचा भाग आहे भाज्याच्या लेण्यांवर, आणि तो पावसाआधीच करायचाय. तोवर जय हरी, काळजी घ्या!